आगीची टाकी

सप्तसिंधू हाइट्स हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला एक तर या शहराची ओळख नव्हती, नाहीतर त्याच्या अंगात भलतीच मस्करी होती. बीड बायपासच्या पलीकडं उभी राहिलेली अकरा मजली इमारत. नावात सात नद्या आणि नळाला पाणी आठव्या दिवशी. पैठणचं धरण भरलेलं असो की तळाला गेलेलं, इथल्या नळाला त्याचं सोयरसुतक नसे. म्हणून घराघरात निळी टिपाडं, गच्चीवर टाक्या, जमिनीखाली टाक्या, आणि एवढं करूनही सहाव्या दिवसापासून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं ठरलेली.

या सगळ्या पाण्याचा कारभारी होता मल्हारराव. कागदावर वॉचमन, पण पंप लावणं, वॉल सोडणं, टँकर आला की पाइप ओढणं, हे सगळं त्याच्याच गळ्यात. अर्धी हयात पिशोरकडच्या डोंगरात मेंढरांमागं गेलेली. चराई संपली तसा कळप विकला आणि नवरा-बायको शहरात आले. पार्किंगच्या मागं एक खोली मिळाली. बानाबाई, त्याची बायको, नवव्या मजल्यावर काकासाहेबांच्या घरी कामाला लागली. काकासाहेब सोसायटीचे अध्यक्ष. मूळचे चितेगावचे, जमीन कारखान्यात गेली आणि ते चार फ्लॅट एकत्र करून नवव्या मजल्यावर राहायला आले. त्यांचे म्हातारे आई-बाप, आप्पासाहेब आणि सरूबाई, यांचं उठवणं-बसवणं बानाबाईकडं होतं.

जमिनीखाली टाक्या दोन होत्या. एक वापराची. दुसरी तांबड्या झाकणाची, पन्नास हजार लिटरची. तिला सगळे आगीची टाकी म्हणत. आग लागली तर तिच्यातलं पाणी पंपानं मजल्यामजल्यावरच्या तांबड्या नळांना जायचं, म्हणून ती कायम भरलेली ठेवायची. पण बिल्डरनं जाता जाता दोन्ही टाक्यांच्या मध्ये एक पाइप टाकून ठेवला होता, त्याच्यावर एक वॉल. वॉल फिरवला की आगीचं पाणी वापरात. या गावात असा वॉल म्हणजे उपाशी माणसासमोर झाकलेलं ताट. पहिली पाच वर्षं ते ताट दर आठवड्याला उघडं व्हायचं. जानेवारीत आणि जुलैत तपासणीवाला आला की आदल्या दिवशी टाकी भरायची, तो चहा पिऊन सही करून गेला की पुन्हा वॉल उघडायचा.

या जानेवारीत तपासणीला तनुजा आली. पंचविशीतली पोरगी, पायात जाड बूट, हातात बॅटरी. चहा घेणार का म्हटल्यावर म्हणाली, "काम झाल्यावर घेते, मामा." मल्हाररावाला घेऊन ती थेट नवव्या मजल्यावर गेली. लिफ्टच्या शेजारी एक अरुंद दार होतं. तिनं ते उघडलं. आत मनगटाएवढ्या जाड वायरी खालून वर गेलेल्या. तिनं बॅटरी विझवली आणि म्हणाली, "वाकून बघा."

मल्हाररावानं बघितलं. पार तळाला पार्किंगचा उजेड दिसत होता.

"प्रत्येक मजल्याला हे भोक बंद करायचं असतं. कुणीच केलं नाही. ही बिल्डिंग नाही मामा, धुराडं आहे. खाली काही पेटलं तर वरच्यांना जाळ दिसणारसुद्धा नाही. धूर येईल. धुरात माणूस किती टिकतो? दोन मिनिटं, तीन मिनिटं." मग तिनं नकाशा उलगडला. "आणि यात दोन जिने आहेत. दुसरा कुठंय?"

मल्हाररावानं सहा वर्षांत एकच जिना पाहिला होता. दुसरा जिना बिल्डरनं फ्लॅटमध्ये विकून टाकला होता. नकाशात जिथं पायऱ्या होत्या, तिथं काकासाहेबांच्या घरात संगमरवरी देवघर होतं. मोठं देखणं होतं. बानाबाई रोज पुसायची.

तनुजानं नकाशा घडी करून ठेवला. मग खाली पंपाच्या खोलीत येऊन तिनं त्या मधल्या वॉलला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली मल्हाररावाच्या तळहातावर ठेवली.

"जिना आता कुणी बांधून देणार नाही. भोकं बुजवा म्हणून मी लिहून देते, पण कमिटी ते कधी करेल देव जाणे. उरली ही टाकी. आगीचा बंब इथवर यायला अर्धा तास धरा. तो अर्धा तास या टाकीत आहे. समजलं का, मामा? कुणी कितीही मोठा माणूस येऊ दे."

"समजलं, ताई," मल्हारराव म्हणाला. आणि त्याला खरंच समजलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेल्या माणसानं त्याच्या हातात असं काही विश्वासानं दिलं होतं. त्या रात्री जेवताना त्यानं बानाबाईला सगळं सांगितलं, धूर आला तर दार लावून घ्यायचं, फटीत ओलं फडकं कोंबायचं, तोंडावर ओला पदर धरायचा, हेसुद्धा. बानाबाई म्हणाली, "लईच मोठे सायब झाले की तुम्ही." पण तिला बरं वाटलं होतं.

कमिटीनं तनुजाचा कागद वाचला. भोकं बुजवायचं काम पावसाळ्यानंतर बघू असं ठरलं. कुलूप मात्र राहिलं, आणि मल्हारराव त्याच्यापाशी हटून बसला. फेब्रुवारीत चौथ्या मजल्यावर हळद होती, तेव्हा नवरीचा मामा पाणी मागायला आला. नाही. मार्चात कुणाच्या घरी फरशी बसवायची होती. नाही. लोक चिडले. कुणी म्हणालं, धनावरचा नाग आहे म्हातारा. कुणी म्हणालं, माणसं कोरडी आणि आगीला मात्र पाणी राखून ठेवलंय, आग काय याची पाहुणी लागते? मल्हारराव हसून घ्यायचा. मनातून त्याला लागायचं. त्याच्या बापानं विहिरीवर कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं; आधी मुकी जनावरं, मग वाटसरू, मग आपण, अशी त्यांच्यात रीत. इथं तो रोज 'नाही' म्हणत होता. पण बैठकीत काकासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. "सोसायटीत एक तरी माणूस शब्दाचा पक्का आहे," असं सगळ्यांसमोर म्हणाले. चार महिने ती टाकी गळ्यापर्यंत भरलेली राहिली. मल्हारराव सकाळ-संध्याकाळ बांबू बुडवून बघायचा, आणि ओल्या बांबूकडं बघून त्याला झोप चांगली लागायची.

मे महिन्यात आप्पासाहेब गेले.

ब्याण्णव वर्षांचं पिकलं पान. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले आणि गेले. रडण्यासारखं काही नव्हतं, पण मल्हाररावाला रडू आलं. आप्पा रोज उन्हं कोवळी असताना खाली यायचे, त्याच्या बाकड्यावर बसायचे आणि बैलांच्या गोष्टी सांगायचे. अकरा मजल्यांत त्याला नावानं हाक मारून बसणारा तो एकटाच माणूस.

आणि तो दिवस नळाचा सातवा होता. वरच्या टाक्यांत ठणठणाट. टँकरवाल्याचा फोन लागत नव्हता; लग्नसराई, सगळे टँकर कार्यालयांवर. नऊच्या सुमाराला काकासाहेब स्वतः पंपाच्या खोलीत आले. अनवाणी. साठीचा माणूस, एका तासात ऐंशीचा दिसत होता.

"मल्हारराव," ते म्हणाले, "आप्पाला शेवटची अंघोळ घालायला घरात घागरभर पाणी नाही."

मल्हारराव उभा राहिला.

"चितेगावाहून शंभर माणूस निघालंय. मसणातून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याबिगर उंबरा कसा ओलांडायचा त्यांनी? किल्ली तुझ्याकडं आहे म्हणून तुला विचारतोय. मी हुकूम नाही करत." आणि त्या माणसानं हात जोडले.

हुकूम केला असता तर मल्हाररावानं कदाचित नाही म्हटलं असतं. चार महिन्यांत त्याला हुकमाला नाही म्हणायची सवय झाली होती. पण मयताला पाणी नाही म्हणायचं? त्याच्या घराण्यात वैऱ्याच्या मयतालाही लोक घागर घेऊन धावले होते. आणि हे तर आप्पा.

"आर्धा तास फक्त, काकासाहेब," तो म्हणाला. "ताईला शबूद दिलाय म्या."

"अर्धाच तास. उद्या टँकर आला की पयला तुझ्या टाकीत."

कुलूप निघालं. पाण्याचा आवाज पाइपातून वापराच्या टाकीकडं गेला. मल्हारराव घड्याळाकडं बघत उभा राहिला. अर्ध्या तासानं त्यानं वॉल बंद केला, तेवढ्यात वरून निरोप आला की मंडळी तिरडी घेऊन निघाली, आता मागच्या बायांच्या अंघोळी, घर धुणं. त्यानं वॉल पुन्हा सोडला. दुपारी शंभराची दीडशे माणसं माघारी आली. पार्किंगमध्ये नळाखाली रांग लागली. म्हातारे, पोरं, जावई, कुणी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर बादली ओतून घेत होतं. पाणी उतारानं फाटकाबाहेर रस्त्यावर वाहत गेलं. मल्हारराव त्या ओघळाकडं बघत होता. पण बादली हिसकून घेणार कुणाच्या हातातून?

तिथून पुढं कुलूप लागलं ते नावालाच. दुसऱ्या दिवशी नळ आला आणि अर्ध्या तासात गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडायची. मग भेटायला येणारे. गाड्या भरभरून माणसं यायची, आणि रीत अशी की भेटून घरी गेलं की ज्यानं त्यानं आपापल्या घरी अंघोळ करायची. पण शहरात लांबून आलेली माणसं, त्यांना तिथंच न्हायचं असायचं. टँकर दोनदा आला, वापराच्या टाकीत रिकामा होऊन गेला. पाइप आगीच्या टाकीकडं वळवायला मल्हारराव गेला की कुणीतरी म्हणायचंच, "अहो, घरात दुःख आहे, तुमचं काय चाललंय?"

सातव्या दिवशी त्यानं बांबू बुडवला तर तो दीड हात ओला झाला. त्यानं तनुजाला फोन लावला. ती जालन्याला कुठल्या तरी कामावर होती. तिनं ऐकून घेतलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचा आवाज एकदम हळू झाला.

"मामा, किती एसी चालू आहेत बिल्डिंगमध्ये?"

"लई. पाव्हण्यांचं घर हाय ना. नवव्यावरच सात चालू ऱ्हायले रातंदिस."

"लिफ्टशेजारच्या त्या डक्टमधल्या वायरी तेवढ्या जोराच्या नाहीत. आजच्या आज टाकी भरा. मी अध्यक्षांना फोन करते."

तिनं केला असावा. कारण संध्याकाळी काकासाहेब खाली आले तेव्हा जरा घुश्श्यात होते. "दहावा होऊ दे, मल्हारराव. अकराव्या दिवशी पाहुणे जातात, सकाळीच दोन टँकर तुझ्या टाकीत. शब्द देतो. सहा वर्षांत लागली नाही, ती तीन दिवसांत लागायची आहे का आग?"

खरंच, सहा वर्षांत लागली नव्हती. मल्हाररावानं आपल्या मनाला तेच सांगितलं. मनानं ऐकलं नाही. तो रोज लिफ्टजवळच्या त्या अरुंद दारापाशी जाऊन वास घ्यायला लागला. बायका हसायच्या.

दहाव्याला काकासाहेबांचं सगळं घर पैठणला निघालं. पहाटेच्या उजेडात सहा गाड्या फाटकातून गेल्या. निघायच्या आधी सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं होतं. मागं राहिल्या सरूबाई, बानाबाईच्या आक्का, कारण गुडघ्यांनी त्या गाडीत बसू शकत नव्हत्या, आणि बानाबाई. आप्पांनी जिथं प्राण सोडला तिथं भिंतीशी दिवा लावलेला होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

मल्हाररावानं वर जाताना बानाबाईला अडवलं. "आज खालीच बैस. म्हातारीला दुसरं कुणी बघंल."

"कामून?"

"उगंच. टाकीत चार बोटं पाणी हाय."

"मंग मी काय टाकीत बसले का?" ती हसली. "दिव्याला तेल कोण घालीन? आक्का एकल्या हायेत वर. दुपारी येतेच मी." आणि ती लिफ्टमध्ये गेली. तिला हाताला धरून बसवावं असं त्याला वाटलं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? नुसत्या भीतीपायी बाईमाणसानं सुतकातलं घर सोडायचं का? तो गप्प राहिला, आणि ते गप्प राहणं त्याला पुढं जन्मभर पुरलं.

साडेदहाला ऊन भाजायला लागलं होतं. नळाची पाळी होती, पण नळ अजून आला नव्हता; मल्हारराव टँकरवाल्याला पाचव्यांदा फोन लावत होता. तेवढ्यात वास आला. रबर जळाल्यासारखा, कडवट. तो लिफ्टपाशी धावला आणि वास धरत जिना चढला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या अरुंद दाराच्या फटीतून काळा धूर निघत होता. आत काहीतरी तडतडत होतं, कढईत मोहरी उडावी तसं. दाराला हात लावला तर हात भाजला.

तिसऱ्या मजल्यावरचा ऋतुराज घरूनच काम करायचा. तो आरडाओरडा ऐकून उतरला आणि त्यानं शहाणपणानं खालचा मेन स्विच पाडला. लिफ्ट थांबली. दिवे गेले. खालच्या मजल्यांवरची माणसं जिन्यानं धावत सुटली, कुणी पोराला काखोटीला मारलेलं, कुणी एका पायात चप्पल. पाचव्याच्या वर असलेले काहीजण तोंडावर रुमाल धरून गच्चीकडं पळाले. जिना एकच. आणि तो लिफ्टला चिकटून, त्या धुराड्याला चिकटून.

"मामा, पंप!" ऋतुराज ओरडला. तो तांबड्या नळाचा पाइप उलगडून तोंड धरून उभा राहिला होता.

मल्हारराव पंपाच्या खोलीत गेला. वीज गेली होती, पण डिझेलचा पंप होता. तनुजानं त्याला शिकवलं होतं. त्यानं दोनदा किल्ली फिरवली, इंजिन धडधडत सुरू झालं. काटा वर चढला. वरून ऋतुराजची आरोळी आली, "आलं! आलं पाणी!" दाराच्या आत पाण्याचा लोट गेला, वाफ झाली, तडतड जरा खाली बसली. मल्हारराव हात जोडून काट्याकडं बघत होता. अजून थोडं. चार बोटं पाणी, देवा, चार बोटांत काय होतंय ते होऊ दे.

पंपाचा आवाज बदलला. आधी खरखर, मग रिकाम्या पोटानं ओरडल्यासारखा. काटा हलला आणि खाली आला. वरून ऋतुराज ओरडत होता, "मामा, वाढवा! पाणी वाढवा!" आणि मल्हारराव त्या ओरडणाऱ्या यंत्राला हातानं थोपटत होता, जनावराला थोपटावं तसं. मग त्यानं पंप बंद केला. त्याला रडायलाही सवड नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर विझत आलेलं पुन्हा पेटलं. धूर त्या भोकांतून सरळ वर गेला. जिन्यात सहाव्याच्या पुढं हात दिसेना. मल्हारराव दोनदा वर चढला आणि दोन्ही वेळा पाचव्यावरून खोकत, आंधळा होऊन माघारी फिरला. दुसऱ्यांदा ऋतुराजनं त्याला ओढून आणलं. बंबाला फोन गेला होता. निघालाय म्हणत होते.

खिशातला फोन वाजला. बानाबाई.

"आवं, लई धूर आलाय घरात. दार लावलंय मी. फटीत लुगडं कोंबलंय, पर ते कोरडंच हाय. नळाला पाणी नाय. टिपाडं सकाळीच रिती झाली. पाणी सोडा ना."

मल्हाररावानं फोन कानाशी घट्ट धरला. "सोडतो," तो म्हणाला. "येतंय. तू खिडकीपाशी जा. आक्काला घेऊन जा."

"त्या उठत नाहीत. दिव्यापशी बसल्यात. मी वढलं, मला झेपंना. तुम्ही पाणी सोडा आधी."

"बंब निघालाय. बाने, ऐक. तोंडावर ओला पदर धर. घरात कायबी ओलं नाय का? दूध? ताक?"

"सुतकाच्या घरात दूध कुठलं?" ती खोकली. खोकला थांबेना. मग म्हणाली, "दिव्यापशी तांब्या हाय. आप्पांना ठेवलेला."

"तो घे!"

"काय बोलता? मयताचं पाणी हाय ते. आजचा दहावा दिस. आज शेवटचं पिऊन जायचे आप्पा. ते कसं घ्यावं माणसानं?"

"बाने, घे म्हणतो मी! मयताला काय लागत नाय पाणी! घे!"

पार्किंगमध्ये जमलेली सगळी माणसं त्याच्याकडं बघायला लागली. असलं बोलणं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंही नव्हतं. दहा दिवसांपूर्वी हेच चार शब्द काकासाहेबांना सांगायला त्याला जीभ झाली नव्हती.

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग बानाबाईचा आवाज आला, पण तो आता लांबून आल्यासारखा होता. "घेतलं. माफ करा म्हणलं आप्पांना. पदर भिजवला. आक्काच्या तोंडावर धरलाय."

"आन तुझ्या?"

"एवढंच हाय ना पाणी. तुमचं आलं की घेते मी. कव्हा येतंय?"

"आलंच," मल्हारराव म्हणाला. "आलंच, बाने. आता येतंय बघ."

तो बोलतच राहिला. आलंच, आलंच. पलीकडून उत्तर येत नव्हतं, तरी त्यानं फोन कानाचा काढला नाही. बंब फाटकातून आत आला तेव्हाही तो तेच म्हणत होता.

बंबावरच्या माणसांनी आपलं काम केलं. तोंडाला नळ्या लावून चौघं वर चढले. खालच्या अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुमची टाकी कुठंय? गाडीतलं पाणी दहा मिनिटं पुरेल." ऋतुराजनं तांबडं झाकण उघडून दाखवलं. दुसरी गाडी येईपर्यंत ती दहा मिनिटं संपली होती. धूर पातळ झाल्यावर नवव्या मजल्याचं दार तोडलं. सरूबाई दिव्याशेजारी बसल्या जागी कलंडल्या होत्या, तोंडावर ओल्या लुगड्याचा पदर. श्वास चालू होता. त्या पदराचं दुसरं टोक बानाबाईच्या अंगावर होतं. ती आडवी पडून म्हातारीच्या तोंडावर हात धरून राहिली होती. तिचा श्वास चालू नव्हता.

दुपारी पैठणहून गाड्या आल्या. तुळतुळीत डोक्यांची, नदीत न्हाऊन आलेली माणसं फाटकापाशी उतरली आणि तिथंच उभी राहिली. आई जिवंत आहे हे काकासाहेबांना आधीच फोनवर कळलं होतं. ते मल्हाररावाजवळ आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं असेल. हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

अधिकारी कागद लिहायला बसला होता. पंपाची खोली, टाकी, साखळी, उघडं कुलूप, सगळं बघून आला होता.

"टाकीत पाणी का नव्हतं? वॉल कुणाच्या ताब्यात होता?"

काकासाहेब जमिनीकडं बघत म्हणाले, "किल्ली वॉचमनकडं असते."

हे खोटं नव्हतं. मल्हाररावाला रागसुद्धा आला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "माझ्याकडंच व्हती. म्याच सोडलं पाणी."

"कशासाठी?"

"मयतासाठी, सायब."

अधिकाऱ्यानं पेन थांबवलं. पांढऱ्या चादरीखाली झाकलेल्या बाईकडं त्यानं बघितलं, मग याच्याकडं. त्याला काही समजेना. "हिच्यासाठी? ही तर आत्ता..."

"नाय सायब," मल्हारराव म्हणाला. "हिनं मागितलं, तव्हा नव्हतं."